बार्बआईच्या लाखबंद पुड्या

"पुस्तक येणार, येणार एवढं सांगायला तुम्ही एक आख्खं जाहिरातीचं पुस्तक छापायला लावलंत मला," पुस्तकवाला गोद्राँ आत तावातावानं बोलत होता. "ते झालं. आता खरं पुस्तक कुठं आहे, ते काढा."

"हळू बोला. खालच्या मजल्यावर आजारी माणूस आहे," आबे तुर्नेल म्हणाले.

बार्ब दाराबाहेर उभी होती. हातात तुरटीची पुडी, वर लाल लाखेचा शिक्का. दार पुरतं लागलेलं नव्हतं आणि बार्बला ऐकू चांगलं यायचं.

"जगातला सगळा व्यापार त्यात असणार, म्हणालात. कुठला माल कुठं पिकतो, कोण विकतो, कुठल्या गावचं माप केवढं. लोकांनी नावं नोंदवली, आगाऊ पैसे भरले. ते रोज माझ्या दुकानात येऊन उभे राहतात. त्यांच्या हातावर काय ठेवू? चिमूटभर तुरटी?"

"मी एक पान लिहून होईतो त्या गावचा भाव बदलतो, माप बदलतं. चुकीचं छापू का?"

"अपुरं तरी छापा."

"अपुरा कोश म्हणजे अर्धी शिडी. चढणाऱ्यानं मधेच काय करायचं?"

गोद्राँ हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "आबेसाहेब, मला वाटतं ते बोलून टाकतो. पुस्तक नाहीच आहे. मंत्री तुम्हाला दरसाल वेतन देतात ते काय तुमच्या अक्षरावर खूष होऊन? ह्या पुड्या तिकडं जातात. कुठल्या दुकानात कसला माल आहे, ते त्यांना व्हर्सायच्या दरबारात बसल्या जागी कळतं."

आता आबे काहीतरी म्हणतील म्हणून बार्बनं कान दाराजवळ नेला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग आबे एवढंच म्हणाले, "या आता तुम्ही."

नाही असं काही ते म्हणाले नाहीत. बार्बच्या मनात अडकलं ते हेच. माणसावर खोटा आळ आला तर तो आधी नाही म्हणतो, मग पाहुण्याला वाटेला लावतो. ह्यांनी नुसतंच वाटेला लावलं. तिनं तुरटीची पुडी मोलकरीण उर्सुलच्या हातात दिली आणि जिना उतरली.

बार्ब लग्न करून पॅरिसच्या मुफ्तार रस्त्याला आली तेव्हा तिचा नवरा पाणी वाहायचा. खांद्यावर काठी, दोन बाजूंना दोन बादल्या, सहा-सहा मजले चढायचे. एका हिवाळ्यात कारंज्याजवळच्या बर्फावरून त्याचा पाय घसरला आणि बार्ब एकटी राहिली. मूल नव्हतं. माहेर दूर बर्गंडीत, आणि तिकडं तिच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. नवऱ्याच्या गिऱ्हाइकांनी विचारलं, अगं, निरोप पोचवशील का, कपडे नदीवर नेशील का. त्यातून तिचा धंदा उभा राहिला. सगळ्या रस्त्याच्या फेऱ्या ती मारायची. दिसायला रुंद, चालायला हळू, आणि पोक्त दिसायची म्हणून ऐन तरुणपणातच लोक तिला बार्बआई म्हणायला लागले.

तिचं खरं काम रविवारचं. आमच्याकडं तेव्हा घराघरांत भट्टी कुठली? रविवारचं जेवण भांड्यात भरायचं, कुणाचा कोबी आणि खारवलेलं डुकराचं मटण, कुणाच्या घेवड्याच्या बिया, आणि पाववाला रेमी ह्याच्या भट्टीत ठेवायचं. पाव निघाले की भट्टी तापलेली असते, तिच्यात भांडी आपोआप शिजतात. सगळे प्रार्थनेला गेलेले असताना बार्ब ती भांडी न्यायची, आणायची. मजुरी म्हणजे दर भांड्यातली एक पळी. लांबेर रंगाऱ्याचा कोबी, खळवाल्यांचा घेवडा, चांभारांचं मटण, सगळं तिच्या एका वाडग्यात. रविवारी ती आख्ख्या रस्त्याचं जेवायची.

आता बघा, भांडं दुसऱ्याच्या हाती देणं ही साधी गोष्ट नाही. आठवड्याचं मटण त्यात एकदाच पडतं. वाटेत झाकण उघडलं, एक तुकडा गेला, तर कळणार कुणाला? म्हणून हात ओळखीचा लागतो. बार्बच्या हाताबद्दल त्या रस्त्यात कधी कुणी शंका काढली नव्हती, आणि तिच्यापाशी दुसरी काही इस्टेट नव्हती.

आबे तुर्नेल वर टेकडीकडच्या गल्लीत राहायचे. आबे म्हणजे झगा पाद्र्याचा, पण पदरी ना चर्च ना प्रवचन. पुस्तकं लिहायची आणि बड्या लोकांकडं जेवायचं, असे आबे त्या काळी पॅरिसात ढिगानं होते. उर्सुलचं भांडं बार्बच न्यायची. एकदा आबेंनी तिला आत बोलावलं आणि विचारलं, "तुला खालचे सगळे दुकानदार माहीत आहेत म्हणे?"

"दुकानदारही माहीत आहेत आणि त्यांच्या बायकाही. तुम्हाला कोण हवंय?"

त्यांना सगळेच हवे होते. व्यापाराचा कोश लिहायचा तर माल डोळ्यांनी बघायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक मालाचा एक नमुना. खाली बिएव्र नदीच्या काठाला रंगारी, चांभार, सरसवाले, खळवाले सगळे दाटीवाटीनं, म्हणून सुरुवात तिथून.

आणि माणूस शिस्तीचा. नमुना वाटेत बदलायला नको म्हणून त्यांनी बार्बला पितळेचा एक शिक्का दिला, लाखेची कांडी दिली आणि मेणबत्तीचं बुडूख दिलं. दुकानदारासमोर पुडी बांधायची, गाठीवर लाख ओतायची, शिक्का उठवायचा आणि मग आणायची. शिक्का एकच, तो बार्बच्या कमरेला.

आबे पुस्तकांत वाढलेले, त्यांना काय ठाऊक की आमच्या खालच्या वस्तीत मूठभर माल कागदात बांधून त्यावर लाल लाख कोण ओततं? धंद्याचे पंच. वाईट माल पकडला की पंच येतात, नमुना बांधतात, शिक्का मारतात, पुढं खटला. दुकानदाराला लाखेचा वास आला की त्याच्या पोटात गोळा येतो. बार्बला हे ठाऊक होतं. आबेंना ती एकदा म्हणालीसुद्धा, "साहेब, नुसता दोरा बांधला तर नाही चालणार?" आबे म्हणाले, "दोरा कुणीही सोडेल." तिनं शिक्का कमरेला बांधून टाकला. महिन्याच्या महिन्याला पगार होता आणि हिवाळा तोंडावर आला होता.

सुरुवातीला लोकांनी हसण्यावारी नेलं.

"या पंचबाई," लांबेर रंगारी म्हणाला. "आज काय जप्त करताय, मंजिष्ठ का मला?"

"तुला ठेवायला आबेंकडं जागा नाही. मंजिष्ठ दे आणि गाठीवर बोट ठेव."

लांबेरनं बोट ठेवलं. गाठ आवळताना कुणाला तरी बोट धरावं लागतं, त्यावर लाख सांडली की तो ओरडायचा आणि बोटाचा ठसा लाखेत उमटायचा. असं दुकानोदुकानी झालं.

खळवाला ब्लेझ आणि त्याची बायको क्लोदीन ह्यांचं दुकान नदीच्या अगदी कडेला. कपडे ताठ करायची ती खळ, तिचा धंदा म्हणजे वास. गहू पिंपात आंबवायचा, आठवडे न् आठवडे. त्या घरात शिरलं की डोळ्यांत पाणी. क्लोदीनला हा शिक्क्याचा प्रकार पहिल्यापासूनच आवडला नाही.

"माझ्या खळीवर शिक्का कशाला?"

"आबेंची शिस्त आहे गं."

"शिस्त पंचांची असते. आबेंना काय गळपट्टीला खळ हवी तर तशी घेऊन जा, पैसेसुद्धा नकोत."

ब्लेझ मात्र भोळा. "जगातला सगळा माल पुस्तकात जाणार आणि आपला नाही जाणार? बांध गं बार्बआई," असं म्हणून त्यानं अंगठा गाठीवर ठेवला.

गोद्राँचं भांडण बार्बनं ऐकलं ते ह्याच्यानंतर, हिवाळा सरल्यावरच्या वसंतात. आणि पुढच्याच महिन्यात खळवाल्यांवर धाड पडली.

त्या वर्षी पाव महागला होता. पाववाल्यांच्या दारात बायका भल्या पहाटेपासून उभ्या असायच्या. असं झालं की हुकूम निघतो, खळीला चांगला गहू वापरायचा नाही, किडका नाहीतर भिजलेलाच घ्यायचा. हुकूम निघतो आणि खळवाले मान डोलावतात, हे सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी मात्र पंच आले, बरोबर शिपाई आले, गाडी आली. पिंपं आडवी केली, आंबलेलं पाणी रस्त्यावरून खाली वाहत गेलं. मागच्या खोलीत चांगल्या गव्हाची पोती सापडली. ब्लेझला घेऊन गेले. तो उन्हाळा सरल्यावर परत आला तो खोकला घेऊनच आला आणि पुन्हा पिंपाला हात लावण्याइतकं त्याच्या अंगात बळ आलं नाही.

ज्या दिवशी धाड पडली त्या दिवशी क्लोदीन दारात उभी राहून फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, आणि तेही कुणाकडं न बघता, "माझ्या घरातून आजपर्यंत शिक्का मारून माल एकाच बाईनं नेलाय."

रविवारी बार्ब लांबेरच्या दारात गेली.

"आज आम्ही थंडच खाणार आहोत," लांबेर म्हणाला.

"बरं."

चांभाराकडं गेली तर चांभारीण म्हणाली, पोट बिघडलंय. तिसऱ्या घरी दारच उघडलं नाही. बार्ब उर्सुलचं तेवढं एक भांडं घेऊन भट्टीपाशी पोचली तर लांबेर तिथं रांगेत उभा, कोटाच्या आत भांडं दडवून, कोबीचा वास सगळीकडं. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"आज एकच भांडं, बार्बआई?" पाववाल्या रेमीनं विचारलं.

"हात दुखतोय."

"कुठला?"

"जो रिकामा आहे तो."

त्यानंतर सुरू झाली ती गुणगुण. आमच्याकडं पोलिसांच्या खबऱ्याला माशी म्हणतात. बार्ब रस्त्यानं निघाली की एखाद्या दुकानातून हळूच आवाज यायचा, माशीचा. मग समोरच्या दुकानातून. तोंड बंद ठेवून गुणगुणतात, त्यामुळं कोण करतंय ते कळत नाही. सगळेच आपापल्या कामात मान घालून बसलेले. रविवारच्या वाडग्यात उर्सुलच्या भांड्यातली एक पळी, बाकी कोरडा पाव. बार्बला भूक सहन व्हायची, पण त्या आवाजानं तिची झोप गेली.

आणि खरं सांगायचं तर लोक तिच्यावर जेवढा संशय घेत होते त्याच्यापेक्षा जास्त संशय ती आबेंवर घेत होती. गोद्राँचे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. एकदा तिनं सरळ विचारलं, "साहेब, ह्या पुड्या जातात कुठं?"

"पुस्तकात."

"पुस्तकात पुड्या कशा मावतील?"

आबे हसले. "पुडी बघून मी लिहिणार, ते पुस्तकात जाणार. मग दूर ब्रिटनी प्रांतातल्या माणसालाही कळेल की पॅरिसचा सरस कसा असतो."

"त्याला कळून काय करायचंय?"

"तो फसणार नाही. धंद्यातलं गुपित सगळ्यांना कळलं की फसवणूक थांबते."

बार्बला हे उत्तर मुळीच पटलं नाही. धंद्यातलं गुपित सगळ्यांना सांगायला कोण बसलंय, तेही फुकट? जो माणूस असं म्हणतो तो आधी कुणातरी एकालाच सांगत असणार.

तिनं पाळत ठेवली. काम सोडलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, पळाली. म्हणून पुड्या आणणं चालूच ठेवलं, आणि उरलेला वेळ आबेंच्या घरासमोर चर्चच्या पायऱ्यांवर बसून कोण काय घेऊन बाहेर पडतंय ते बघायला लागली. उर्सुलच्या टोपलीत हात घालून बघितला, लसूण निघाला. एकदा एक तरुण कारकून आला, काळा कोट, सरकारी टोपी. आत जाताना पिशवी रिकामी, बाहेर येताना फुगलेली. बार्ब त्याच्यामागं निघाली, थेट नदीच्या पुलापर्यंत. पुलावर त्यानं वळून पाहिलं.

"काय हवंय, आई?"

"पिशवी जड दिसते. उचलू का?"

"नको, पेअर आहेत. आबेसाहेबांच्या बहिणीच्या बागेतले. घ्या एक."

बार्बनं पेअर घेतला, तिथंच उभी राहून खाल्ला. गोड होता. पण पेअरांच्या खाली काय होतं ते तिला दिसलं नव्हतं, हे काही ती विसरली नाही.

असंच पुढं काही वर्षं चाललं. रेमी कधी तिला जळका पाव द्यायचा, त्याचं कारण दोघंही बोलायची नाहीत. मग मंत्री बदलले. नव्या मंत्र्याला व्यापाराच्या कोशाचं काही कौतुक नव्हतं, आबेंचं वेतन बंद झालं. एक दिवस बार्ब सरसाची पुडी घेऊन गेली तर आबे खोलीच्या मधोमध पेटीवर बसलेले, आजूबाजूला दोऱ्यांनी बांधलेल्या कागदांचे गठ्ठे.

"मी खाली दोन खोल्यांत राहायला चाललोय," ते म्हणाले. "कागद नेतो. पुड्या नेणार नाही. तू त्या बिएव्रमध्ये टाकून ये."

"कोश झाला?"

"नाही."

"होणार?"

आबेंनी एका गठ्ठ्याचा दोरा आवळला. "एका गावचं माप दुसऱ्या गावच्या मापात बसवता बसवता मी म्हातारा झालो, बार्ब. मालाच्या गुणांपर्यंत पोचलोच नाही. पुड्या उघडायची पाळीच आली नाही."

शेवटचं वाक्य बार्बच्या कानात टाचणीसारखं शिरलं. "उघडल्याच नाहीत?"

त्यांनी भिंतीतलं कपाट दाखवलं. बार्बनं ते आजवर उघडं पाहिलं नव्हतं. आत खण न् खण, आणि प्रत्येक खणात पुड्या. तुरटी, मंजिष्ठ, सरस, घोड्याचे केस, कातड्याच्या पट्ट्या. तिनं एकेक उचलून खिडकीपाशी नेली. लाख शाबूत. शिक्का तिचाच, तिच्याच कमरेचा. लांबेरच्या पुडीवर लांबेरचा ठसा, त्यात निळ्या रंगाच्या बारीक रेघा, कारण त्याचं बोट जन्मात कधी स्वच्छ नव्हतं. तिनं उचललेली एकही पुडी कुणी सोडलेली नव्हती. एवढी वर्षं ती ज्या माणसावर डोळा ठेवून बसली होती त्यानं ह्या खणांना हातसुद्धा लावला नव्हता.

"मला ह्या पुड्यांपायी लोक माशी म्हणतात," ती म्हणाली.

"माशी? का?"

तिनं सांगितलं. पंच, लाख, खटला, ब्लेझ, भांडी, सगळं. आबे ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. "गोद्राँ म्हणाला होता तेव्हा तुम्ही ‘नाही’ असं का म्हणाला नाहीत?" तिनं विचारलं.

"मला वाटलं, इतक्या मूर्ख बोलण्याला कोण उत्तर देतं."

"आमच्याकडं द्यावं लागतं," बार्ब म्हणाली. "पुड्या नदीत टाकत नाही मी. ज्याच्या त्याला परत देते."

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या भर गर्दीत ती निघाली. पाव नेतात तसलं सपाट टोपलं डोक्यावर, वर फडकं नाही, पुड्या सगळ्यांना दिसतील अशा. लांबेरच्या दुकानासमोर थांबली. आतून गुणगुण झाली.

"लांबेर, तुझी मंजिष्ठ."

लांबेरनं पुडी उलटीपालटी केली. "लाख नवी असेल. शिक्का तुझ्याच कमरेला, कांडी तुझ्याकडंच. काल बसून लावली असशील."

"आणि बोट? तेही माझ्या कमरेलाच होतं का?"

त्यानं बघितलं. मग उजेडात नेऊन बघितलं. आपलं बोट ठशावर टेकवलं. शेजारचा चांभार येऊन वाकून बघायला लागला. बोट बसलं. लांबेर पुडी परत तिच्या हातात द्यायला लागला.

"ठेव. तुझीच आहे."

"एवढ्या वर्षांची मंजिष्ठ घेऊन काय करू?"

"मला काय विचारतोस? मी पंच नाही."

चांभारानं आपली पट्टी मागून घेतली. सरसवाल्यानं घेतली. बोट लावून बघायला लोक जमले, दोघांची पैजसुद्धा लागली. पंचांनी नेलेली पुडी शाबूत शिक्क्यानिशी कधी परत येत नाही, हे त्या रस्त्यात पोरालाही ठाऊक. टोपलं रिकामं होत गेलं. पण क्लोदीनची पुडी टोपल्यात नव्हती. कपाटात ती नव्हतीच. टोपलं भरताना खळीच्या खणात नुसता फाटलेला कागद आणि लाखेचे दोन तुकडे निघाले होते, ते तिनं खिशात ठेवले होते.

सगळ्या पुड्या शाबूत आणि नेमकी तीच फुटलेली. बार्ब अर्ध्या रस्त्यातून वळली आणि तडक उर्सुलकडं गेली.

उर्सुल भांडी गवतात बांधत होती. कागद बघितला आणि तिचे कान लाल झाले.

"बोल," बार्ब म्हणाली.

"कशाला जुनं काढतेस."

"तुझं भांडं मी इतकी वर्षं नेलं. बोल."

"साहेब मंत्र्यांना भेटायला व्हर्सायला निघाले होते, कोशाला मुदत वाढवून मागायला. सकाळची घाई. गळपट्टी अशी लोंबत होती, आणि घरात चिमूटभर खळ नाही. कपाटात होती. मी घेतली. साहेबांना अजून माहीत नाही."

बार्ब खाली बसली. म्हणजे लोक म्हणत होते ते खरंच होतं की. क्लोदीनची खळ मंत्र्यापर्यंत गेली होती. आबेंच्या गळ्यात बसून गेली होती.

"चल," ती उर्सुलला म्हणाली. "हे मी सांगून उपयोग नाही. तू सांगायचंस."

क्लोदीन दुकानात एकटी होती. ब्लेझ वर खोकत होता, ते खाली ऐकू येत होतं. उर्सुलनं खाली मान घालून सगळं सांगितलं. बार्बनं फाटका कागद आणि लाखेचे तुकडे फळीवर ठेवले. एका तुकड्यावर ब्लेझचा अर्धा अंगठा होता. क्लोदीननं तो तुकडा उचलला.

"ताठ राहिली?" तिनं विचारलं.

"काय?" उर्सुल म्हणाली.

"गळपट्टी. व्हर्सायला जाऊन येईपर्यंत ताठ राहिली का?"

"राहिली. दुसऱ्या दिवशीसुद्धा वाकली नाही. साहेबांची हनुवटी घासली होती."

"राहणारच. चांगल्या गव्हाची होती." असं बोलून गेली आणि क्लोदीन थांबली. आपण काय बोललो ते तिला उमगलं. तिच्या खळीतला चांगला गहू कळायला पुडी फोडावी लागत नव्हती. जिचं जिचं कापड तिच्या खळीनं ताठ व्हायचं, त्या प्रत्येक परटिणीला तो ठाऊक होता. पाववाल्याच्या रांगेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता. धाड कुणी आणली म्हणायची, आता आख्ख्या रस्त्यातून कुणाचंही नाव काढता आलं असतं.

तिनं कुणाचं काढलं नाही. कळलंही नाही शेवटपर्यंत. त्या दिवसापासून क्लोदीन गिऱ्हाइकाकडं जरा जास्त वेळ बघायला लागली, एवढंच.

रविवारी बार्ब दारोदार गेली तेव्हा लांबेरनं भांडं आधीच उंबऱ्यावर आणून ठेवलं होतं. चांभारीण म्हणाली, पोट सुधारलं. शेवटी नदीकाठी क्लोदीन. तिचंही भांडं तयार होतं, पण झाकणाच्या कडीतून पांढरा दोरा ओवून घट्ट गाठ मारलेली.

बार्बनं दोऱ्याकडं बघितलं. क्लोदीननंही बघितलं.

"वाटेत झाकण पडतं," क्लोदीन म्हणाली.

"पडतं खरं," बार्ब म्हणाली आणि भांडं उचललं. परत आणल्यावर दारातच उभी राहिली, क्लोदीननं गाठ तपासून सोडेपर्यंत. मग क्लोदीननं एक पळी घेवडा तिच्या वाडग्यात घातला. भरून घातला, पण घातला दोरा तपासल्यावर.

तशीच पद्धत पडून गेली. आबे तुर्नेल खालच्या दोन खोल्यांत, कागदांच्या गठ्ठ्यांसकट म्हातारे होऊन वारले. कोश कुणी पुरा केला नाही. उर्सुल भावाकडं गेली. राजा गेला, दुसरे आले, पाव महाग झाला, स्वस्त झाला, पुन्हा महाग झाला. ब्लेझ केव्हाच गेला होता. क्लोदीनच्या डोळ्यांवर पडदा आला, तरी ती चाचपडत दोरा ओवायची आणि बोटांनी गाठ तपासायची. बार्बला आता एका वेळी एकच भांडं उचलवायचं, मग फेऱ्या वाढायच्या.

तिचा शेवटचा रविवार असा गेला. थंडी होती, रस्ता ओला. लांबेरच्या सुनेचं भांडं नेऊन झालं होतं, चांभारांचं झालं होतं. क्लोदीनच्या दारात आली तर भांडं उंबऱ्यावर होतं आणि झाकणाला दोरा नव्हता. क्लोदीन आत खुर्चीवर, शाल गुंडाळून.

"दोरा राहिला," बार्ब म्हणाली.

"राहू दे गं आज. बोटं चालत नाहीत."

"मग मी घालते."

तिनं खुंटीवरचा दोरा घेतला, कडीतून ओवला. "बोट ठेव." क्लोदीननं चाचपत बोट ठेवलं. बार्बनं गाठ आवळली, भांडं कडेवर घेतलं आणि भिंतीला धरून धरून रेमीच्या मुलाच्या भट्टीपाशी गेली. घेवडा शिजेपर्यंत बाकावर बसली. मग पुन्हा भिंतीला धरून नदीकाठी परत आली आणि भांडं क्लोदीनच्या मांडीवर नाही, टेबलावर ठेवलं, कारण ते कढत होतं.

"बघ," ती म्हणाली.

क्लोदीननं बोटांनी गाठ शोधली, दाबून बघितली, सोडली. झाकण काढलं. वाडगा पुढं आला तशी एक पळी घेवडा त्यात घातला.

"जरा पातळ झालाय," बार्ब म्हणाली.

"पुढच्या वेळी कमी पाणी घालते."

"घाल," बार्ब म्हणाली, आणि वाडगा शालीखाली न झाकता, तसाच उघडा हातात धरून, सगळ्यांच्या दारांसमोरून वर घरी गेली.